गिटारची घोडी आणि तिची ओढाताण



पूर्वी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला रंगमंचामागे दोनच वाद्यं ठेवलेली दिसायची, पेटी आणि तबला. आता त्यांच्या शेजारी गिटारच्या दोन-चार काळ्या पिशव्या हमखास उभ्या असतात. मुलं शाळेत गिटार शिकतात, आणि गणपतीच्या आरतीलाही एखादा पठ्ठ्या कॉर्ड धरून साथ करतो (आणि चांगली करतो बरं का!). घरात एवढं मोठं वाद्य येऊन राहिलं आहे तर त्याची थोडी ओळख आपणही करून घ्यावी, असं आम्हा दोघांना वाटलं. गिटारचा सगळा इतिहास सांगायला बसलो तर दिवाळी अंकही पुरणार नाही. म्हणून या वेळी एकच भाग निवडला आहे. गिटारच्या तबलीवर, म्हणजे पुढच्या पातळ फळीवर, खालच्या बाजूला चिकटवलेली जी आडवी लाकडी पट्टी असते, जिला सगळे ब्रिज म्हणतात, ती. आपल्याकडे सतार-तानपुऱ्यावर तिच्या जागी असते ती घोडी. आम्हीही इथे तोच शब्द वापरतो.

मिरजेचा तानपुरा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हा विषय पटकन समजेल. तानपुऱ्याच्या तारा खुंट्यांपासून निघतात, घोडीवरून जातात आणि पुढे भोपळ्याच्या अगदी खालच्या टोकाला अडकवलेल्या असतात. म्हणजे तारांचा सगळा ओढा त्या टोकाने पेललेला असतो. घोडीला सोसावा लागतो तो फक्त वरून खाली येणारा दाब, आणि त्या दाबामुळेच ती जागेवर बसून राहते. व्हायोलिनचंही तसंच. तारा पूर्ण सैल केल्या तर व्हायोलिनची घोडी चक्क हातात येते.

गिटारमध्ये हे गणित निराळं आहे. तिच्या तारा घोडीच्या पुढे कुठेच जात नाहीत, त्या घोडीलाच बांधलेल्या असतात. त्यामुळे घोडीला दोन कामं करावी लागतात. तारेचं कंपन तबलीपर्यंत पोचवायचं, आणि तारेला धरूनही ठेवायचं. पहिल्या कामासाठी ती हलकी हवी, तबलीही पातळ हवी, नाहीतर आवाज दबतो. दुसऱ्या कामासाठी दोन्ही दणकट हव्यात. साध्या नायलॉनच्या तारांच्या गिटारवर सहाही तारांचा मिळून ओढा साधारण चाळीस किलो असतो, आणि स्टीलच्या तारा असल्या तर सत्तर किलोच्या आसपास. हे सगळं ओझं दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर नुसत्या चिकटवलेल्या एका पट्टीने, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं ओढून धरायचं! गेल्या चारशे वर्षांत गिटारच्या घोडीचे जे जे प्रकार झाले, त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच ओढाताण आहे.

आता मागे जाऊ. सोळाव्या शतकातली गिटार लहानखुरी होती. तिला चार जोड तारा असत, पुढे पाच जोड्या झाल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहालयात लिस्बनच्या बेल्शियोर दियास या कारागिराचं १५८१ सालचं एक वाद्य आहे. तारीख लिहिलेल्या सगळ्यात जुन्या गिटारींमध्ये त्याची गणना होते. सतराव्या शतकात पाच जोड्यांची गिटार स्पेन, इटली आणि फ्रान्समध्ये घरोघरी पोचली. गास्पार सान्झचं गिटार शिकवणारं प्रसिद्ध पुस्तक १६७४ मध्ये सारागोसा इथे छापलं गेलं. पॅरिसमध्ये व्होबोआम घराणं, व्हेनिसमध्ये सेलास, हॅम्बुर्गमध्ये टिल्के अशी मोठी मोठी नावं या काळातली. आणि हो, व्हायोलिनवाला स्ट्राडिव्हारी सुद्धा गिटारी बनवायचा. त्यातल्या मोजक्याच आज उरल्या आहेत.

या गिटारींच्या तारा धातूच्या नव्हत्या. मेंढीच्या आतड्याची तांत असे. गिटारच्या मानेवरची पट्टी आजच्यासारखी तबलीच्या वर उचललेली नसे, ती तबलीच्या बरोबरीने सपाट असे. त्यामुळे तारा तबलीपासून फार उंच नेताच येत नसत. घोडीपाशी त्या जेमतेम चार-पाच मिलिमीटरवर असत. आजच्या क्लासिकल गिटारवर हेच अंतर दहा मिलिमीटरच्या आसपास आहे. फरक छोटा दिसतो, पण वाळत घालायची दोरी आठवून पाहा. दोरी खांबाच्या टोकाला बांधली की ओल्या चादरींच्या ओझ्याने खांब कलायला लागतो. तीच दोरी बुंध्याशी बांधली तर खांब जागचा हलत नाही. ओढा तेवढाच, पण उंची दुप्पट झाली की कलवण्याचा जोरही दुप्पट होतो. गिटारची घोडी अशीच पुढे, मानेच्या दिशेने कलंडू पाहते. तिची मागची कड तबलीवरून उचलली जाऊ पाहते आणि पुढची कड तबलीत दबते. जुन्या कारागिरांनी घोडी ठेंगणी ठेवली म्हणून त्यांना तबली दीड-दोन मिलिमीटर इतकी पातळ आणि आतून जवळजवळ मोकळी ठेवता आली. आवाजाच्या भोकाच्या वर आणि खाली अशा दोन आडव्या पट्ट्या, की झालं.

घोडीचं लाकूडही बेताच्या वजनाचं असे. नासपती, अक्रोड अशी लाकडं वापरून ती आबनुसासारखी दिसावीत म्हणून काळी रंगवत. आबनूस दिसायला राजेशाही खरा, पण वजनाला भारी, आणि जड घोडी हलक्या तबलीवर बसवली की आवाज गुदमरतो. तेव्हा हा रंग म्हणजे नुसती काटकसर होती असं आम्हाला वाटत नाही. वाजवणाऱ्याच्या कानाचीही त्यात सोय होती.

तांत बांधायची पद्धत तर मोठी गमतीची आहे. घोडीला आडवी बारीक भोकं असत. तांत पुढच्या बाजूने भोकात घालून मागे काढायची, घोडीच्या माथ्यावरून पुन्हा पुढे आणायची, तिच्याच खालून वळसा घालून परत मागे न्यायची आणि उरलेलं शेपूट त्या वेढ्यात अडकवून टाकायचं. ओढ बसली की गाठ आपोआप आवळते. आता यात पाहण्यासारखं काय? तर तारेचं वाजणारं टोक कुठल्याही हाडाच्या पट्टीवर टेकलेलं नाही! आजच्या गिटारवर तारेखाली हाडाची किंवा प्लॅस्टिकची जी पांढरी पट्टी दिसते ती या घोडीवर नव्हतीच. तार जिथे स्वतःच्याच वेढ्यातून बाहेर पडते तिथून तिचं कंपन सुरू होतं. तांतीला टेकू तांतीचाच. त्यामुळे आवाजाची धार जराशी बोथट, मऊ होते. शिवाय वेढा किंचित वर किंवा खाली सरकवला की तारेची उंचीही थोडी बदलते. म्हणजे कानस न लावता साधलेली जुळवाजुळव!

आपल्या तानपुऱ्याच्या अगदी उलट हा प्रकार. आपल्याकडे घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासतात, तार त्यावर लांबवर घासत जाईल अशी ठेवतात, वर दोऱ्याचा तुकडा सरकवून जवारी लावतात, आणि मग तो झणझणता, भरलेला नाद उमटतो. म्हणजे घोडीवर तार नेमकी कशी टेकते यावरच वाद्याचा स्वभाव ठरतो, हे दोन्हीकडच्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. फक्त त्यांना वाद्याकडून हवं होतं ते वेगवेगळं.

आणखी एक साम्य सांगायला हवं. जुन्या गिटारच्या मानेवरचे पडदे तांतीचेच, गुंडाळून बांधलेले असत. सतारीचे पडदे जसे सुरात आणायला सरकवतात तसेच तेही थोडेफार सरकवता येत. त्यामुळे सूर जुळवण्याचा भार घोडीवर नव्हता. ती सरळ रेषेत चिकटवली की काम झालं.

घोडीच्या दोन्ही टोकांना मात्र कारागीर हौस भागवून घेत. तिथे आबनुसाच्या किंवा काळ्या लाकडाच्या पातळ, नक्षीदार वेलांट्या तबलीवर पसरलेल्या असतात. त्यांना युरोपातल्या भाषांमध्ये चक्क मिशा म्हणतात! आता घोडीला मिशा हे ऐकायला मराठीत फारच विचित्र वाटतं, पण चित्रात पाहिलंत तर नाव अगदी चपखल आहे हे पटेल. कुणाच्या मिशा पीळदार, कुणाच्या वेलबुट्टीसारख्या. त्यांचं काम मुख्यतः शोभेचं, पण जुन्या वाद्यांच्या अभ्यासकांना त्यांचा एक अनपेक्षित उपयोग झाला. त्याबद्दल पुढे येतोच.

अठराव्या शतकाच्या शेवटी गिटार झपाट्याने बदलली. जोड तारा जाऊन सहा एकेरी तारा आल्या. तांतीचे सरकते पडदे जाऊन धातूचे पक्के पडदे आले. मोठ्या दिवाणखान्यात ऐकू जाईल असा मोठा आवाज लोकांना हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या लाकोतने, लंडनच्या पानोर्मोने, व्हिएन्नाच्या श्टाउफरने बनवलेल्या गिटारी पाहिल्या तर घोडीवर गाठी दिसत नाहीत. तिथे सहा छोट्या खुंट्या ठोकलेल्या दिसतात. तारेच्या टोकाला गाठ मारायची, ते टोक घोडीच्या आणि तबलीच्या आरपार भोकातून आत सोडायचं आणि वरून निमुळती खुंटी दाबून बसवायची. गाठ आतल्या बाजूने, तबलीखाली चिकटवलेल्या लाकडी पट्टीला अडते. घोडीच्या पुढच्या बाजूला हाडाची किंवा हस्तिदंताची बारीक पट्टी, नाहीतर पडद्याच्या तारेचाच एक तुकडा बसवलेला असे. त्यावर तार टेकली की आवाज अधिक स्पष्ट आणि टणक येतो.

ही युक्ती हुशारीची होती. तार बदलणं सोपं झालं, आणि ओढ्याचा काही भाग आतल्या पट्टीवर गेल्यामुळे चिकटवलेल्या जोडावरचा ताण कमी झाला. किंमतही मोजावी लागलीच. तबलीला, तीही सगळ्यात जास्त ताण असलेल्या जागी, एका ओळीत सहा भोकं! वर्षानुवर्षं तारा बदलताना गाठी आतलं लाकूड कुरतडत जातात. या काळातली गिटार मिळाली तर छोटा आरसा आत घालून ती जागा आधी पाहावी.

श्टाउफरच्या धाटणीची गिटार करणारा एक जर्मन कारागीर, क्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन, १८३३ मध्ये अमेरिकेला गेला. त्याच्या गावी व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं की सुतारांनी गिटारी बनवू नयेत, आणि मार्टिनचं घराणं सुतारांच्या बाजूचं! वैतागून बिऱ्हाड हलवणाऱ्यांची परंपरा जुनीच आहे, मंडळी. न्यूयॉर्कहून तो पुढे पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेला आणि खुंट्यांची घोडी त्याच्याबरोबर अमेरिकेत रुजली. १९२०च्या दशकात तिथे स्टीलच्या तारांची मागणी वाढली. ओढा इतका वाढला की साधी सरळ पट्टी पुरेना. मग १९३०च्या सुमारास मार्टिनच्या घोडीला मागच्या बाजूला गोलाकार पोट आलं. जास्त रुंदी म्हणजे चिकटवायला जास्त जागा. आज मुलांच्या स्टीलच्या गिटारवर जी पोट सुटलेली घोडी दिसते तिचा उगम हा. तिच्यावरची हाडाची पट्टी तिरकी बसवलेली असते हेही पाहा. पडदे पक्के झाल्यावर सूर जुळवण्याचं काम शेवटी घोडीकडेच आलं.

स्पेनमध्ये मात्र कारागिरांनी गाठ सोडली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे सहा जोड्यांच्या, म्हणजे बारा तारांच्या गिटारी होत होत्या. कादिझच्या पाजेस घराण्यासारख्या कारागिरांनी वाढता ओढा पेलण्यासाठी तबलीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या लावल्या, आणि घोडी बांधायचीच ठेवली. पुढे आन्तोनियो दे तोरेस (१८१७ ते १८९२) याने या पद्धतीला जे रूप दिलं तेच आज जगभर क्लासिकल गिटारवर दिसतं. मागे गाठींसाठी ठोकळा, पुढे खाचेत बसवलेली हाडाची सुटी पट्टी. हाडाची पट्टी सुटी असल्याने ती घासून किंवा बदलून तारांची उंची ठरवता येते. गाठ सतराव्या शतकातली, टेकू एकोणिसाव्या शतकातला. आमच्या मते गिटारच्या घोडीवर निघालेला हा सगळ्यात शहाणा तोडगा आहे. (खुंटीवाल्यांनी रागावू नये!) आजच्या अशा घोडीचं लाकूड कित्येकदा आपल्या सह्याद्रीच्या रानातही वाढणारं शिसव असतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

इटलीत आणखी वेगळी वाट निघाली. तिथे अनेक जुन्या गिटारींना धातूच्या तारा चढवायच्या होत्या. चिकटवलेली घोडी तो ओढा सोसणार नाही हे उघड होतं. मग तारा सरळ वाद्याच्या खालच्या कडेपर्यंत नेऊन तिथे अडकवल्या आणि मध्ये सुटी घोडी उभी केली, थेट तानपुऱ्यासारखी! या वाद्याला कितारा बातेन्ते म्हणतात. मूळ जोड तांतींच्या कितीतरी सुंदर गिटारी अशा बदलून टाकलेल्या आहेत.

आता मिशांकडे परत येऊ. जुन्या गिटारचा सगळ्यात कमी भरवशाचा भाग कुठला, तर घोडी. ती सुटते, मोडते, फॅशन बदलली की लोक ती काढून नवी लावतात. स्ट्राडिव्हारीची १६७९ सालची साबियोनारी नावाची गिटार घ्या. एकोणिसाव्या शतकात तिला सहा तारांची करून टाकलं होतं, अलीकडे तिला पुन्हा पाच जोड्यांचं मूळ रूप देण्यात आलं. अशी कामं करताना मूळ घोडी कुठे होती हे कळणार कसं? तर भिंतीवरची तसबीर काढली की मागे जशी फिकट चौकट उरते, तसा मूळ घोडीचा आणि मिशांचा ठसा तबलीवर उरतो. मिशांची जागा सापडली की घोडीची जागा कळते, त्यावरून तारेची लांबी कळते, आणि त्यावरून वाद्याचा सूर कुठला असावा याचा अंदाज येतो. पण कुणी मध्येच तबली घासून चकचकीत केली असेल तर ही सगळी माहिती कायमची गेली. म्हणूनच जुनं वाद्य पॉलिश करून घेऊ नका, असं आम्ही भेटेल त्याला सांगत असतो.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात घडलेली गोष्ट. काकांना रविवारच्या जुन्या बाजारात एक छोटी, देखणी गिटार स्वस्तात मिळाली. एकोणिसाव्या शतकातली, खुंट्यांची. घरी आणल्यावर मुलाने दुकानातून स्टीलच्या तारा आणून चढवल्या आणि झकास सुरात लावली. रात्री दोन वाजता बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला! सगळे धावत खाली आले तर घोडी तबलीवरून निघून तारांना लोंबकळत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी सगळं घट्ट पकडून ठेवणारा इपॉक्सी गोंद आणला, आणि सुदैवाने लावण्याआधी आम्हाला फोन केला. "काका, थांबा," एवढंच आम्ही म्हणालो आणि त्यांना एका जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीकाराकडे घेऊन गेलो. त्याने घोडी उलटी करून पाहिली आणि तो हसला. तबलीचं लाकूड कुठेही फाटलं नव्हतं. सुटला होता तो फक्त सरस.

घोडी सरसाने चिकटवण्यामागचं शहाणपण इथे दिसतं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा तो जुना गोंद, आपल्याकडेही सुतार वापरायचे तोच. तो पुरेसा पक्का असतो, पण ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, म्हणजे दुरुस्ती करता येते. आणि भलताच ताण आला तर बऱ्याचदा तबली फाटायच्या आधी तो हार मानतो, घरातल्या फ्यूजसारखा. इपॉक्सीने घोडी चिकटवली तर पुढच्या वेळी ती तबलीचा तुकडा घेऊनच निघेल. स्क्रू मारले तर विचारूच नका. काकांची गिटार सरस लावून, कमी ताणाच्या नायलॉनच्या तारा चढवून आता छान वाजते. मुलगा आता तिच्यावर स्टीलचं नावही काढत नाही.

थंडीत घरं गरम करण्याचीही या जोडाला झळ बसते. घोडीच्या लाकडाचे रेषे आडवे आणि तबलीचे उभे असतात. लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तबली आकसू पाहते आणि घोडी तिला आकसू देत नाही. मग जोड सैल होतो किंवा तबलीला चीर पडते. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर गिटार खुशाल राहते. ती रेडिएटरशेजारी उभी करू नये. महिन्यातून एकदा कागदाचा कपटा घोडीच्या मागच्या कडेखाली सरकतो का ते पाहावं. सरकला तर लगेच तारा सैल करून दुरुस्तीकाराकडे न्यावी.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी एक सूचना. जुन्या गिटारवर हस्तिदंताची पट्टी किंवा खुंट्या असू शकतात. २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार असं वाद्य विकायचं किंवा विकत घ्यायचं असेल तर ते १९७५ पूर्वीचं, २० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंताचं आणि सरकारदरबारी नोंदलेलं असावं लागतं. घरात नुसतं ठेवायला आणि वाजवायला हरकत नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात एक चक्कर टाका. प्रवेश फुकट आहे. तिथे रने व्होबोआमची १६४१ सालची गिटार आहे आणि स्ट्राडिव्हारीची १६८८ सालचीही. अमेरिकेतल्या मंडळींसाठी साउथ डकोटातल्या व्हर्मिलियनच्या राष्ट्रीय संगीत संग्रहालयात स्ट्राडिव्हारीची १७०० सालची गिटार आहे. मुलांना बरोबर न्या. नक्षीवर नजर खिळेलच, पण आधी काचेच्या बाजूला उभं राहून, डोळा तबलीच्या पातळीवर आणून घोडीपाशी तारा किती उंच आहेत ते पाहायला सांगा. मग घरी येऊन आपल्या गिटारवर पट्टीने मोजायला लावा.